पांढरी पाचमधला फ्रीज

अक्काचं गाणं घरच्या घरी रेकॉर्ड करायचं ठरलं आणि पहिल्याच दिवशी घरातला एक उपेक्षित कलाकार उजेडात आला. तो म्हणजे आमचा फ्रीज. गेली चौदा वर्षं तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गातोय, पण त्याला कुणी कधी दाद दिली नव्हती. माइकनं दिली. विलंबित ख्याल रंगात येत होता, तेवढ्यात त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि माझ्या हेडफोनमध्ये भरदार खर्ज घुमायला लागला. मी कपाळाला हात लावला. अक्कानं गाणं थांबवलं, डोळे मिटून नीट ऐकलं आणि निकाल दिला, "माझ्याच पट्टीत लागतोय. पांढरी पाच. पण किंचित चढा आहे."

मला ती थट्टा वाटली. रात्री हिशेब करून बघितला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, त्यामुळे घरातल्या मोटारी ५० किंवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमतात. पांढरी पाचचा अगदी खालचा सूर येतो ४९ हर्ट्झवर. म्हणजे फ्रीज खरोखरच चढा होता, जेमतेम एका हर्ट्झनं. शाळेत तीस वर्षं मुलांची समूहगीतं बसवूनही अक्काचे कान शाबूत राहिले, हा मला आजवर वैद्यकशास्त्रातला चमत्कार वाटत आलाय. त्या दिवशी खात्री पटली.

रेकॉर्डिंगची कल्पना भाच्याची. तो पुण्याला असतो. सुट्टीला सांगलीत आला तेव्हा त्यानं एक माइक, तो संगणकाला जोडणारी हाताएवढी पेटी आणि माझ्या लॅपटॉपवर मास्टरिंगचं सॉफ्टवेअर अशी तीन रोपं लावली आणि पाणी घालायला मला ठेवून परत गेला. जाताना म्हणाला, "मामा, रेकॉर्डिंग सोपं आहे. खरी मजा मास्टरिंगमध्ये." सगळं 'सोपं' माझ्याकडे आणि सगळी 'मजा' पण माझ्याकडेच, हे मला गाडी सुटल्यावर लक्षात आलं.

मास्टरिंग म्हणजे काय, हे मी अक्काला पंगतीवरून समजावलं. रेकॉर्डिंग म्हणजे बाजारहाट. मिक्सिंग म्हणजे स्वयंपाक. तबला किती, पेटी किती, गळा किती, ते तिथं ठरतं. आणि मास्टरिंग म्हणजे वाढणं. पदार्थ तेच, पण मीठ कुठं, चटणी कुठं, डावी बाजू किती, उजवी किती, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाढप सारखं झालं की नाही, हे बघणं. अक्का म्हणाली, "म्हणजे स्वयंपाक बिघडला तर वाढप्याचा काही उपयोग नाही." मास्टरिंगवरची पाच-सहा पुस्तकं तिनं एका वाक्यात आटोपली.

हा वाढपी पूर्वी मात्र फार महत्त्वाचा होता, कारण पानच लहान होतं. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गायिका गौहरजान ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गायल्या, तेव्हा हाताशी होती तीन मिनिटं. माइक नव्हता, वीज नव्हती. गळ्याच्या जोरावर सुई हलायची आणि मेणात रेघ उमटायची. जोराचा सूर आला की सुई बहकायची, म्हणून गाणाऱ्यानं मान मागं घ्यायची. आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा त्या काळचा लिमिटर तो. ते मेण मग बोटीनं जर्मनीत हानोफरला जायचं आणि तिथून तबकड्या होऊन यायचं. गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत आपलं नाव पुकारायच्या. परदेशातल्या कारागिरांना लेबल कुणाच्या नावाचं लावायचं ते कळावं म्हणून, असं सांगतात. कारण काहीही असो, सव्वाशे वर्षांनी त्या तबकड्या ऐकताना गाण्याइतकीच आपण त्या पुकाराची वाट बघतो.

पुढं माइक आला, टेप आली, लाँग प्ले आली, पण तबकडीचा जाच होताच. खर्ज जास्त झाला की खाच रुंद होते, रुंद खाचा जागा खातात, आणि फारच रुंद झाल्या तर सुई उडी मारून शेजारच्या ओळीत जाऊन बसते. म्हणून कापताना खर्ज दाबायचा, वरचे सूर उचलायचे आणि वाजवताना यंत्रानं त्याच्या बरोबर उलटं करायचं, असा तह १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं ठरवून दिला. टेपवरचं गाणं तबकडीच्या खाचेत मावेल असं बेतून देणारा माणूस म्हणजे मास्टरिंगवाला. तो खरं तर शिंपी होता.

१९८२ साली सीडी आली आणि खाच गेली, सुईही गेली. आता जाच कुणाचा? मग माणसांनी तो एकमेकांना द्यायला सुरुवात केली. माझं गाणं तुझ्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे! छत ठरलेलं, त्याच्या वर आवाज जाऊ शकत नाही. तेव्हा छताला डोकं आपटणाऱ्या सुरांना वाकवायचं आणि खाली बसलेल्यांना बखोट धरून उभं करायचं. सगळे एका उंचीचे झाले की गाणं मोठं वाटतं. हे काम लिमिटर करतो. २००८ साली मेटॅलिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला, तो इतका दाबलेला होता की तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजतात, असा शोध चाहत्यांनीच लावला आणि हजारोंनी सह्या करून तक्रार केली. इंग्रजीत याला 'लाउडनेस वॉर' म्हणतात.

आमच्या भागात हे युद्ध समजावून सांगावं लागत नाही. गणपतीत दोन मंडळं एका चौकात समोरासमोर आली की ते पोटात कळतं. गंमत अशी की सांगली-साताऱ्याकडं त्या भिंतीएवढ्या स्पीकरांना 'डॉल्बी' म्हणतात. "यंदा डॉल्बी किती थरांची?" असं विचारतात. आता रे डॉल्बी या अमेरिकन गृहस्थानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती आवाज वाढवायला नव्हे. टेपवर मागं जी 'स्स्स' अशी खसखस येते ती कमी करायला. आयुष्यभर खसखस वेचली, आणि आमच्या चौकात त्या बिचाऱ्याचं नाव खिडक्यांची तावदानं हलवणाऱ्या भिंतीला लागलं.

आता मात्र शहाणपण आलंय. स्पॉटिफाय, यूट्यूब यांच्या दारात एक मोजमाप आहे, त्याला एलयूएफएस म्हणतात. माणसाच्या कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो, ते त्यात कळतं. उणे १४च्या वर कुणी ओरडत आला की तो निमूट खाली आणला जातो. म्हणजे दाबून दाबून मोठं केलेलं गाणं शेवटी सगळ्यांच्याच पातळीवर बसतं, फक्त दबलेलं राहतं. घरून ताठ मानेनं निघालेला माणूस शेअर रिक्षात चौथा बसल्यावर जसा उतरतो, तसं.

इतकी तयारी झाल्यावर मी सॉफ्टवेअर उघडलं. समोर विमानाच्या कॉकपिटसारखे काटे. बाजूला तयार मसाल्यांची यादी : पॉप, रॉक, हिप-हॉप, डान्स, आणखी डान्स. ख्याल नाही, अभंग नाही, नाट्यगीत नाही. त्यातल्या त्यात 'अकूस्टिक' निवडलं. ओळखीचं कुणी नसलेल्या लग्नात आपण निदान आपल्या वयाच्या माणसाशेजारी बसतो, त्याच न्यायानं. मग सॉफ्टवेअरचा मदतनीस म्हणाला, गाण्यातला सर्वांत मोठा भाग वाजवून दाखवा, पुढचं मी बघतो.

"अक्का, तुझ्या गाण्यातला मोठ्यानं म्हटलेला भाग कुठला?"

"मोठ्यानं? मोठ्यानं कशाला गाईन मी?"

"अगं, तार षड्ज लावतेस ना."

"तो उंच आहे. मोठा नाही." मग शाळेतल्या सुरात, "उंच आणि मोठा यातला फरक कळत नसेल तर त्या यंत्राला पहिलीत बसव."

मी यंत्राची बाजू घेतली नाही. पण तार षड्जच वाजवून दाखवला. त्यानं काही सेकंद विचार केला आणि पाच-सहा खटके आपोआप फिरवले. वाजवून बघितलं, आणि खरं सांगतो, मी हरखलो. काय तो आवाज! अक्का एकदम मोठ्या सभागृहातून गातेय असं वाटलं. पुढचे तीन दिवस मी 'आधी' आणि 'नंतर' हे बटण दाबत होतो आणि दर वेळी 'नंतर' जिंकत होतं.

मग भाच्यानं फोनवर एक बारीकशी गोष्ट सांगितली. "मामा, 'नंतर' जरा मोठ्यानं वाजतंय. आपल्या कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. दोन्ही एका पातळीवर आणा आणि मग ऐका." आणलं. सभागृह गायब. आलाप आणि तान एकाच उंचीवर, शाळेच्या प्रार्थनेला हात पुढं करून उभी राहिलेली मुलं जशी. तीन दिवस मी ज्याला मास्टरिंग समजत होतो, ते फक्त आवाज वाढवणं होतं. तेवढं तर रेडिओच्या बटणानंही झालं असतं.

फ्रीज अजून राहिलाच होता. त्यासाठी एक वेगळं अवजार असतं. रेकॉर्डिंगमधला गाणं नसलेला, नुसत्या खरखरीचा तुकडा त्याला ऐकवायचा. मग ते सगळीकडून तेवढी खरखर वजा करतं. मी मोठ्या विश्वासानं सुरुवातीचे दहा सेकंद दिले, अक्का गायला लागायच्या आधीचे. बटण दाबलं. निळ्या पट्ट्या सरकल्या. अक्काला हेडफोन दिला.

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "यात मी एकटीच आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या दहा सेकंदांत अक्का गात नव्हती, पण तंबोरा वाजत होता. यंत्रानं बघितलं : एक आवाज आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, चढत नाही, उतरत नाही, कधी पुढं येत नाही. म्हणजे खरखर. काढून टाकली. त्याचं गणित चुकलं नव्हतं. सतत असतं ते मोजायचं नाही, हा हिशेब आपणही घरोघर करतोच की. फ्रीज काय, तंबोरा काय, सकाळी उठल्याबरोबर तयार असलेला चहा काय, बंद पडल्याशिवाय आपल्याला ऐकू येत नाही.

तो तंबोरा मिरजेचा. पंचवीस वर्षांपूर्वी आणायला गेलो तेव्हा मीच अक्काबरोबर होतो. तंबोरा दिसायला तयार होता, पण कारागीर म्हणाला, जवारी काढायची राहिलीय. घोडीचा पृष्ठभाग त्यानं कानसेनं नखभर घासला, तार लावली, छेडली, ऐकली. पुन्हा तार सोडवली, पुन्हा घासलं. मधेच अक्काला म्हणाला, "तुम्ही सा लावा." तिनं लावला. त्यानं परत कानस घेतली. शेवटी तारेखाली सुताचा एक दोरा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तार अशी बोलायला लागली की एका सुरातून चार सूर निघताहेत असं वाटलं. एकही काटा नव्हता, दिवा लुकलुकत नव्हता. थांबायचं कुठं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. तास-दीड तास चाललेलं ते काम बघून मी कंटाळलो होतो, मला वाटलं होतं की तो वेळ काढतोय. आज कळतंय, मास्टरिंग चाललं होतं.

मग मी सगळं पुसलं आणि आम्ही पुन्हा रेकॉर्ड करायला बसलो. खिडक्यांना गोधड्या टांगल्या. पंखा बंद, एप्रिल महिना, त्यामुळे कलाकार आणि तंत्रज्ञ दोघंही सारखेच भिजले. फ्रीजचं बटणही बंद केलं, आणि परत लावायचं विसरू नये म्हणून स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली. ही युक्ती जगभरचे घरगुती रेकॉर्डिंगवाले वापरतात.

या वेळी सॉफ्टवेअरला फारसं काम ठेवलं नाही. ६० हर्ट्झच्या खाली रस्त्यावरच्या ट्रकची घरघर होती, ती कापली. माइक फार जवळ असल्यानं आवाजाला एके जागी फुगवटा आला होता, तो दोन डेसिबलनं बसवला. छत उणे १वर ठेवलं आणि लिमिटरला दाराशी नुसतं बसवून ठेवलं, लग्नात थोरल्या काकांना बसवतात तसं. काही करायचं नाही, फक्त असायचं. तंबोऱ्याला हात लावला नाही.

पूर्ण गाणं वाजवून काटे बघत बसलो. आलाप झाला, लिमिटर हलला नाही. ताना झाल्या, तार षड्ज आला, लिमिटर ढिम्म. गाणं संपलं. तंबोरा काही क्षण घुमत राहिला, विरत गेला, आणि अचानक काटा छताला जाऊन भिडला, लिमिटरचा लाल दिवा लागला. अख्ख्या रेकॉर्डिंगमधली सर्वांत मोठ्यानं म्हटलेली जागा ती :

"झालं रे. फ्रीज लाव!"

भाच्याचा निरोप आलाय, "मामा, शेवट ट्रिम करायचा राहिलाय." नाही राहिलेला. लेबल कुणाच्या नावाचं लावायचं, ते पुढं कुणाला तरी कळायला नको का?