डागी आधी

चातुर्मासात लग्नं लागत नाहीत, हा नियम अण्णांच्या परसाला लागू नाही. आषाढ-श्रावणात ते सकाळी सहाला एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात विजेरी घेऊन मागच्या दारी उतरतात आणि गडग्यापलीकडच्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "आज दोन आहेत हो!" म्हणजे वेलावर दोन मादी फुलं उमलली आहेत. मग नर फूल देठासकट खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे सारायच्या, आतला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवायचा आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मादी फुलाचं तोंड दोऱ्यानं बांधून टाकायचं. हे सगळं सकाळच्या पहिल्या चहाआधी, कारण भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटूनही जातं. "एवढ्या पावसात मधमाशी येत नाही. मग हे कुणी करायचं? तुम्ही करणार?" अण्णा विचारतात. आपण काहीच म्हटलेलं नसतं.

आमचे अण्णा चिपळूणजवळ राहतात, पण असे अण्णा कोकणातल्या कुठल्याही वाडीत मिळतील. नोकरी एसटीच्या डेपोत, हजेरीचं रजिस्टर सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर रजिस्टर गेलं, हजेरी घ्यायची सवय राहिली. ती भोपळ्यांच्या कामी आली.

बियाणं ते विकत आणत नाहीत. कपाटातल्या एका डब्यात जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं आहेत आणि त्यांत राखेत घोळवून वाळवलेल्या बिया. पाकिटावर अण्णांच्या बारीक अक्षरात नोंद: '२०१७. माईच्या माहेरचा. गोड. साल जाड.' (माई म्हणजे अण्णांची बायको.) दुसऱ्यावर: '२०२१. बाजारातला. पाणचट. तरी ठेवला.' बी शुद्ध राहिलं पाहिजे, यावर त्यांचा फार कटाक्ष. एका वर्षी भोपळा बेचव निघाला तेव्हा त्यांनी शेजारच्या दुधीवर आळ घेतला. वास्तविक दुधीचा आणि लाल भोपळ्याचा संकर होत नाही. दुधीचं फूल पांढरं, ते संध्याकाळी उमलतं. भोपळ्याचं पिवळं, ते पहाटे. दोघांची गाठ पडायची कशी? अण्णांच्या भोपळ्याचं वाकडं पाऊल पडलंच असेल तर ते वाडीतल्या दुसऱ्या एखाद्या लाल भोपळ्याकडे. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला त्या दुधीचा स्वभाव माहीत नाही."

मृगाचा पाऊस पडला की आळी तयार असतात. तळाला शेणखत, वर पालापाचोळ्याची माती, प्रत्येक आळ्यात चार बिया. उगवल्यावर दोन राखायच्या, दोन उपटायच्या. उपटायच्या वेळी अण्णा घरात जातात आणि ते काम माईंना सांगतात. दोन पानांवरच्या कोवळ्या रोपांची तांबडे भुंगेरे चाळण करतात, म्हणून सकाळी पानं ओली असताना त्यांवर बंबातली राख भुरभुरायची. मग वेल धावतो. मांडव त्यांनी पडवळाला आणि दोडक्याला दिलाय. भोपळ्याला न्हाणीघराची कौलं. पावसाळ्यात त्या न्हाणीत कुठे गळतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण वेल हलवायचा नाही, म्हणून कौल बदलायचं नाही. अंघोळ एका कडेला उभं राहून करायची.

सुरुवातीला वेलावर नुसती नर फुलं येतात. आठ-दहा दिवस, कधी जास्तच. या दिवसांत येणारा-जाणारा "अण्णा, यंदा वेल फुकट गेला वाटतं" असं म्हणतो आणि फसतो. कारण त्यानंतर अण्णा त्याला आत बोलावून, फूल हातात घेऊन, नर कुठला आणि मादी कुठली हे दाखवतात: फुलाखाली सुपारीएवढा भोपळा आधीच दिसतो ती मादी, नुसता लांब देठ असतो तो नर. नराची भजी करायला परवानगी आहे. मादीला हात लावायचा नाही. मुंबईहून आलेल्या माईंच्या धाकट्या जावेनं एकदा हौसेनं परडीभर फुलं खुडून आणली, भजी उत्तम झाली, आणि अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. ती अजूनही फोनवर आधी "वेल कसा आहे?" विचारते, मग प्रकृती.

फळ धरल्यावर बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की कोवळं फळ कुजतं, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतं. अण्णा मुठीनं दिशा दाखवतात. खरं तर फळ कुजतं ते फळमाशीमुळे, ती कोवळ्या सालीखाली अंडी घालते, हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्यासाठी ते सापळाही लावतात. पण बोटही दाखवू देत नाहीत. "दोन्ही बाजूंनी बंदोबस्त असलेला बरा." सापळ्यात गंधाच्या आमिषानं माशीचे फक्त नर अडकतात. फळाला टोचणारी मादी मोकळीच असते, तिला नुसता जोडीदार मिळत नाही. यावर माईंचं म्हणणं असं, की निदान एका ठिकाणी तरी पुरुष कामाला लागलेले दिसतात. सापळ्यावर भागलं नाही तर अण्णा कोवळ्या फळांना कपडे घालतात. भाद्रपदात त्यांच्या कौलांवर जुनी बंडी घातलेला एक भोपळा आणि माईंच्या परकराचा तुकडा नेसलेला दुसरा, असे शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले आहेत.

ऋषिपंचमीला पहिला बळी जातो. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, म्हणून परसातला माठ, अळू, पडवळ, आणि त्यात भोपळ्याच्या फोडी. न्यू जर्सीतल्या पुतण्यानं एकदा फोनवर सांगितलं, की अण्णा, भोपळा मूळचा अमेरिकेतला, कोलंबसानंतर आपल्याकडे आला. अण्णा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे ऋषी तिकडेही होते." त्याच पुतण्यानं ऑक्टोबरात डोळे-नाक कोरलेला, पोटात दिवा लावलेला भोपळा दाखवला. हा नंतर काय करता, असं विचारल्यावर तो म्हणाला, टाकतो. अण्णांचा चेहरा पाहवत नव्हता. "बिया तरी ठेवल्यास ना रे?" कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या स्पर्धेत २०२३ साली १,२४७ किलोचा भोपळा आला होता, त्याचं चित्र मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि एकच शंका काढली: "उचलताना देठाला धरला नाही ना कुणी?"

देठ हा अण्णांचा सगळ्यात नाजूक विषय. देठ वाळून लाकूड झाला, वेलाची पानं पिवळी पडली आणि सालीत नख रुतेनासं झालं की भोपळा काढायचा. काढायचा म्हणजे कोयत्यानं, चार बोटं देठ राखून. देठ मोडला की तिथून पाणी आणि बुरशी आत शिरते. म्हणून भोपळा पोटाखाली हात घालून उचलायचा, धुवायचा नाही, आठ-दहा दिवस पडवीत वाऱ्याला ठेवायचा, जखम असेल तर ती सुकू द्यायची. मग खडूनं तारीख घालून मुक्काम हलवायचा. मोठे माळ्यावर पेंढ्यावर बसतात, एकमेकांना न लागता. मध्यम काथ्याच्या शिंक्यांतून वाशाला लटकतात. उरलेले पाहुण्यांच्या खाटेखाली. नीट वाळवलेला भोपळा तीन-चार महिने आरामात टिकतो. पाहुणे तितके टिकत नाहीत.

आणि दर रविवारी हजेरी. अण्णा शिडी लावून माळ्यावर चढतात, प्रत्येकाला टिचकी मारतात, बुडाशी अंगठा दाबून बघतात, वास घेतात. माई खाली उभ्या. वरून आवाज येतो, "सात नंबर बुडाला मऊ लागतोय." म्हणजे आज सात नंबर.

इथे या घराची खरी गोम आहे. अण्णांचा नियम: डागी आधी. जो बिघडू लागला तो पहिला खायचा, धडका ठेवायचा. तर्क बिनतोड आहे. आंब्याच्या आढीत कोकणातलं प्रत्येक घर हेच करतं. पण याचा परिणाम असा, की ऋषिपंचमी सोडली तर माईंच्या चुलीवर आजवर फक्त आजारी भोपळेच शिजले. एक संपेपर्यंत दुसरा मऊ पडतो. धडके माळ्यावरून बघत राहतात आणि यथावकाश तेही डागी होऊन खाली येतात. लग्न झाल्यापासून एकदाच धडका भोपळा कापला, असं माई सांगतात, आणि तोही मांजरानं माळ्यावरून पाडला म्हणून.

पहिला घाव अण्णांनीच घालायचा. अख्खा भोपळा बाईनं फोडू नये अशी त्यांच्याकडे रीत. त्यापुढचं सगळं माईंचं. गुळातले घारगे, दह्यातलं भरीत, मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी, सालीची तीळ घालून चटणी. सहा किलोचा भोपळा दोन माणसं किती खाणार? मग वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फाका वाडीभर निघतात. अण्णा स्वतः आणून देतात, तुम्ही घरी नसाल तर कडीला अडकवून जातात, आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, "काय केलंत?" नुसतं "भाजी" म्हणून सुटका नाही. गूळ किती घातला, साल काढली का, आणि बिया कुठे आहेत? बिया परत करायच्या असतात. धुवून.

दोन माणसांना एवढे मोठे भोपळे कशाला, म्हणून मी त्यांना अर्का सूर्यमुखीचं नाव सुचवलं होतं. बंगळूरूच्या बागवानी संशोधन संस्थेची जात, फळ जेमतेम किलोभराचं, फळमाशीलाही दाद न देणारं. अण्णांनी सगळे गुण ऐकून घेतले. फळमाशीचं ऐकून तर डोळे चमकले. पण मग मान हलवली. "एका घरात संपतो तो कसला भोपळा!"

यंदा त्यांनी आम्हाला एक अख्खा, धडका, देठासकट दिलाय. खडूची तारीख दसऱ्याची आहे. तो आमच्या कपाटावर आहे आणि बायको म्हणते, इतका चांगला आहे तर राहू दे, आधी परवाची ती फाक संपवू. फाक मोठी आहे. कुणाला निम्मी हवी असेल तर कळवा. बिया मात्र परत लागतील.