कमान सरळ करताना

जबलपूरच्या कमानिया गेटसमोर हल्ली छायाचित्रणाचे नवशिके हमखास भेटतात. तृतीयांशाचा नियम त्यांना तोंडपाठ असतो: चौकटीचे उभे-आडवे तीन तीन भाग पाडायचे आणि विषय रेघांच्या छेदावर ठेवायचा. कमान दोन्ही बाजूंनी सारखी, ती मधोमधच शोभते. पण नियम म्हणजे नियम! बिचारी डावीकडे सरकते आणि उजवीकडे कुणाचं तरी हेल्मेट येतं.

बाजाराच्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते, म्हणून मोबाइल वर तिरपा होतो. मग उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. घरी अ‍ॅपमध्ये त्या ताणून सरळ केल्या की १९३९च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचं हे स्मारक पार लंबूटांग होतं. पुढे तारा पुसायच्या, पाट्या पुसायच्या, रिक्षा पुसायची. रंग तर एवढे चढवतात की भर दुपारी बारा वाजता सूर्यास्त होतो.

माणसाऐवजी तसबीर मिरवायची रीत इथे जुनीच म्हणा. त्या अधिवेशनाच्या वेळी अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणले होते, तेव्हा ५२ हत्तींच्या मिरवणुकीत त्यांची तसबीर फिरली. पण ती तसबीर आहे, हे निदान बघणाऱ्यांना ठाऊक होतं.

तर मंडळी, पुसापुशी खुशाल करा, फक्त आधी एक प्रत काढून ठेवा. मूळ फाइलवरच बदल जतन केले, तर पुसलेली रिक्षा परत मिळेलच असं नाही.