आलेखाला पाय फुटतात तेव्हा

इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमधला आलेख दिसतो चित्रासारखा, पण असतो आकड्यांच्या तक्त्याला बांधलेला ग्रूप. डायरेक्ट सिलेक्शन टूलने लेबलं एकेक करून सरकवावीत, सगळं जागच्या जागी बसवावं, तेवढ्यात साहेबांचा सुधारित आकडा येतो. तो तक्त्यात भरून बरोबरची खूण दाबली की आलेख नव्याने आखला जातो आणि हाताने केलेली मांडणी बरीचशी विस्कटते. (सुधारित आकडा बरोबर असेलच, असं नाही.) ग्रूप सोडला तर आलेख हलत नाही, पण तक्त्याशी असलेलं नातंही तुटतं. म्हणून आधी मूळ आलेखाची प्रत ठेवावी, आकडे अंतिम झाल्यावरच ग्रूप सोडावा. ‘अंतिम’ फाइलमागून ‘अंतिम २’ आणि ‘अंतिम नक्की’ येतातच; प्रत त्यांच्यासाठी.