गाडा आपला, सर्व्हिसिंगही आपलेच
(नवशिक्या मालकांसाठी माहितीपुस्तिका)

सर्वप्रथम अभिनंदन! जुन्नर-आंबेगावात स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या मोजक्या भाग्यवंतांत आता तुमचीही गणना होईल. ‘मोजक्या’ हे आपले तुमच्या समाधानासाठी. यात्रेच्या टोकनासाठी उसळलेली गर्दी पाहिलीत की खरा आकडा कळेलच. ही पुस्तिका फक्त नवशिक्यांसाठी आहे. ज्यांच्या तीन पिढ्या गोठ्यात गेल्या, त्यांनी ती वाचू नये. वाचल्यास चुका दाखवायला घरी येऊ नये.

पुस्तिका लिहायचे कारण असे. माझी स्वतःची चारचाकी शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरात जाते. मागच्या खेपेला नुसते ऑइल बदलायला दिली, तर बिलात ‘इंजिन ड्रेसिंग’ अशी एक ओळ निघाली. ड्रेसिंग म्हणजे मलमपट्टी, एवढेच मला ठाऊक. “इंजिनाला कुठे लागलं होतं का?” असे विचारल्यावर टाय लावलेला मुलगा म्हणाला, “सर, ते पॅकेजमध्येच असतं.” मी पैसे भरले. मंचरजवळ माझे मामा शर्यतीचा बैलगाडा बाळगून आहेत; त्यांना हे सांगितले तेव्हा बैलाच्या पाठीवरचा हात न काढता ते म्हणाले, “तुला तुझी गाडी कळत नाही ना, मग त्याला तुझा खिसा कळणारच.”

तेव्हापासून मी त्यांच्याकडे उमेदवारी करतो आहे. जे शिकलो ते पुढीलप्रमाणे.

१. गाडीची ओळख

इंजिने: चार, सगळी खिलार. चाकाजवळची जोडी धुरेची, तिच्यापुढची जुकाटाची.

स्टिअरिंग: घोडी. ती स्वाराला घेऊन सगळ्यांच्या पुढे पळते आणि बैल तिच्यामागे. घोडी चुकली तर चूक घोडीची, जिंकली तर बैल आपले.

चालकाची सीट: नाही. आपल्याकडच्या गाड्यावर कोणी बसत नाही. चालकाशिवाय गाडी पळवायचे प्रयोग मोठमोठ्या कंपन्या अजून करताहेत; त्यांना यात्रेचे आमंत्रण द्यायला हरकत नाही.

ब्रेक: चढ. घाट म्हणजे गाड्याची धावपट्टी. ती चढावर असते आणि जिथे संपते तिथे बैल धरायला माणसे उभी असतात. त्या माणसांत पहिल्या वर्षी उभे राहू नये.

ॲक्सिलरेटर: नाही. काठी, चाबूक, विजेचा शॉक, शेपूट पिरगाळणे, सगळे कायद्याने बंद आहे. ओरडायला बंदी नाही, आणि माइकवरचा निवेदक ती मोकळीक पुरेपूर वापरतो.

अश्वशक्ती: पुस्तकी हिशेबाने कामाचा बैल सलग ओढताना साधारण अर्धी अश्वशक्ती देतो. म्हणजे चौघांची दोन, घोडीची एक. शंभर अश्वशक्तीवाल्याने हसण्यापूर्वी आपली गाडी पावसाळ्यात एकदा आमच्या रानात घालून बाहेर काढून दाखवावी.

एका बारीला (म्हणजे घाटातल्या एका धावेला) लागणारा वेळ: बारा-चौदा सेकंद. सेकंदाचाही शंभरावा भाग मोजतात. मागच्या वर्षीचा आकडा मालकाला विचारू नये, तो विचारल्याशिवायच सांगतो.

स्पार्क प्लग: नाहीत. याचे महत्त्व खोडदकरांना विचारा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे अतिशय क्षीण संदेश टिपतात, आणि मोटारींच्या ठिणग्यांचा रेडिओ-गोंगाट त्यांना त्रास देतो. खिलार जोडी त्या अँटेनांखालून कितीही वेळा गेली तरी एकाही शास्त्रज्ञाची तक्रार येणार नाही.

२. शोरूम

शोरूम बेल्ह्याला, दर सोमवारी. छप्पर आकाशाचे, फरशी शेणाची. सेल्समन तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही पाच दावणी फिरून आलात की तुम्ही त्याला ‘आत्ताच दिसलात’ असे तो करील.

गाडी किती चालली आहे हे तोंड उघडून पाहावे. पहिली सूचना: वरचे पुढचे दात शोधू नका. बैलाला ते नसतातच. नवशिका गिऱ्हाईक ‘वरचे पडलेत’ म्हणून भाव पाडायला जातो आणि वर्षभर त्या बाजारात त्याचीच गोष्ट चालते. पाहायचे ते खालचे आठ. कायमचे दात आलेच नसतील तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही आले की जुळला. मोटारीचे मीटर मागे फिरवणारे कसबी असतात, बैलाचे दात मागे फिरवणारा अजून जन्माला आलेला नाही.

मग टेस्ट ड्राइव्ह. बैल चालवून मागून पाहावा, खुरे उचलून पाहावीत, खाली बसवून उठताना पाहावा. अंगावरचे भोवरे जाणत्यांकडून वाचून घ्यावेत. ‘बैल कसा आहे?’ हा प्रश्न विचारू नये, उत्तर ठरलेले असते. ‘का विकताय?’ विचारावे. त्याचेही उत्तर ठरलेलेच असते, ‘वैरण पुरत नाही’. पण ते देताना हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, कुठे पाहतो ते बघावे.

भाव उपरण्याखाली होतो. दोघे हातात हात घालतात, वर कापड, आत बोटे बोलतात. बाहेर मात्र पावसापाण्याच्या गप्पा. एकदा मामा म्हणाले, “आज तू कर, शिकशील.” मी हात आत घातला. समोरच्याने माझी तीन बोटे दाबली. मला वाटले माणूस मायाळू आहे. मीही मायेने त्याचा अख्खा पंजा दाबला. पंजा म्हणजे पाच. त्याने मागितले त्याहून जास्त देणारे गिऱ्हाईक त्या माणसाने आयुष्यात पाहिले नसावे. त्याचे डोळे भरून आले. मामांनी माझा हात बाहेर काढला, “पोरगं शहरातलं आहे,” एवढेच म्हणाले आणि आम्ही चहाला गेलो. सूचना: समजत नसेल तर बोट हलवू नका. सर्व्हिस सेंटरात ‘ओके’चे बटण दाबण्यापूर्वीही हेच लागू.

नंबरप्लेट: कानातला पिवळा टॅग, १२ अंकी. तो नसेल तर सौदा पुढे नेऊ नये.

३. रोजची देखभाल

इंधन: कडबा, हिरवा मका, सरकी पेंड. पळणाऱ्या बैलाला वर खुराक: दूध, अंडी, उडीद. घरातल्या पोरांनी ‘आमचं दूध कुठंय?’ असे विचारल्यास विषय बदलावा. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

आवाज: गाडी उभी आणि आतून संथ कुटकुट ऐकू येते, अशी तक्रार घेऊन नवे मालक धावत येतात. ते रवंथ आहे. घाबरू नका. आवाज थांबला आणि थांबलेलाच राहिला, तर घाबरा.

डॅशबोर्ड: नाकपुडी ओली हवी, कान हलते हवेत. तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट. माणसाला इतके असेल तर आपण सुट्टी टाकतो. बैलाचे ते नेहमीचेच.

पीयूसी: बैलाचा वायू मागून सुटतो हा शहरी गैरसमज आहे. मिथेन बहुतेक सगळा तोंडातून, ढेकरेवाटे बाहेर पडतो. म्हणजे धुराची नळी पुढे बसवलेली आहे. मिथेन वाईटच, ते कबूल. मागून जे पडते ते मात्र शेणखत. कोणत्या मोटारीच्या टाकाऊवर टोमॅटो पिकवून नारायणगावच्या मार्केटला नेता येतात, ते कळवावे.

पार्किंग: बंद गोठ्यात, दाराला कडी. आपल्याकडे वाहन चोरणारा उसातून चार पायांवर येतो. त्याच्या जातभाईंसाठी माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, पण सगळेच तिथे राहायला तयार नसतात.

४. ठरावीक सर्व्हिसिंग

दर सहा महिन्यांनी लाळ्या-खुरकूताची लस. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्या. लंपीची टाळू नका. २०२२ मध्ये त्या साथीने जनावरांचे बाजार आणि शर्यती दोन्ही बंद पाडल्या होत्या. गाड्याच्या आखाला वंगण, चाक डुगडुगते का ते पाहणे, कासरे तपासणे, ही कामे घरची. यासाठी कोणी पॅकेज सांगितल्यास गावाचे नाव विचारून घ्यावे.

वार्षिक सर्व्हिसिंग पोळ्याच्या आदल्या दिवशी. बाकी महाराष्ट्रात पोळा श्रावणी अमावास्येला होतो, आपल्याकडे भाद्रपदी. तारीख चुकवून महिनाभर आधी पुरणपोळी मागू नये. या सर्व्हिसिंगचे नाव खांदेमळणी. साहित्य: हळद, तूप, कोमट पाणी आणि मालकाचे स्वतःचे दोन हात. हात भाड्याने मिळत नाहीत.

मामांची खांदेमळणी मी गेल्या वर्षी जवळून पाहिली. जू ज्या जागी टेकते तिथे त्यांनी तुपात कालवलेली हळद लावली आणि डोळे मिटून तळवा फिरवायला लागले. डाव्या अंगाला तळवा थांबला. पुन्हा मागे आला, पुन्हा थांबला. “इथं हात लाव.” मला काही लागेना. “बोटाने नको, तळव्याने.” मग लागली: हरभऱ्याएवढी गाठ. मामा उठले, ओसरीवरचे नवे जू आणले आणि त्याच्या आतल्या बाजूवर अंगठा फिरवत राहिले. एका जागी कंगोरा राहिला होता. सुताराला बोलावले नाही. विळ्याने तासला, वर काचेने घासला. बिल शून्य. “ही गाठ उद्या सुपारीएवढी झाली असती,” ते म्हणाले, “मग डॉक्टर, मग आराम, मग हंगाम गेला.”

माझ्या मोटारीला मी असा हात शेवटचा कधी लावला होता, ते आठवेना. विकत घेतली तेव्हा, फोटोसाठी, बॉनेटवर.

५. सर्व्हिस सेंटरशी कसे बोलावे

अधिकृत केंद्र म्हणजे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. गाडी रस्त्यात बंद पडल्यास १९६२ हा क्रमांक फिरवावा. फिरते पथक दारी येते. नियम तीनच.

पहिला: ‘बैल बरोबर नाही’ एवढेच सांगू नये. काल किती खाल्ले, रवंथ केव्हापासून बंद, शेण कसे, कोणता पाय उचलून धरतो, हे सांगावे. ‘गाडीतून आवाज येतो’ म्हणणाऱ्याच्या बिलात चार ओळी वाढतात. ‘चढावर, तिसऱ्या गिअरला, डाव्या पुढच्या चाकातून येतो’ म्हणणाऱ्याच्या एकही नाही.

दुसरा: घाटावर भेटणारा प्रत्येक माणूस मेकॅनिक असतो. सगळ्यांचे ऐकावे, कोणाचेही काढ्याचे औषध पाजू नये.

तिसरा: काचेआडच्या खोलीत बसून फुकटची कॉफी पिऊ नये. दवाखान्यात ती सोय नसते, हे आपले नशीब. सुई टोचताना कासरा धरायला मालकच लागतो. त्यामुळे काय बिघडले, काय टोचले, किती टोचले, हे डोळ्यांदेखत होते. मोटारीच्या सर्व्हिस सेंटरांनीही प्रत्येक मालकाच्या हातात एकेक कासरा द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

६. कागदपत्रे

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आणि एक हजार मीटरच्या आतली धावपट्टी लागते. बैलाला छळल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हा कागद गोठ्यात बैलाला दिसेल असा लावावा.

७. वॉरंटी

नाही. उलट मालकाचीच वॉरंटी तपासली जाते, आणि ती तपासणी झाली त्या मधल्या साडेसात वर्षांत. गाडी दारात उभी, इंधन रोजचे तेवढेच, आणि रस्त्यावर काढायची बंदी. कित्येकांनी बैल विकले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पेंड फुकट मिळत नाही. मामांनीही जुकाटाची जोडी विकली. धुरेची ठेवली. त्यातला एक २०१४ मध्ये दोन दाती होता. ज्या वयात घाट गाजवायचा, त्या वयात त्याने बटाट्याच्या सऱ्या पाडल्या. परवानगी आली तेव्हा तो उताराला लागला होता. एकही बारी त्याच्या नावावर नाही. खांदेमळणी मात्र एकाही भाद्रपदात चुकली नाही.

पुढे एका पौष पौर्णिमेला मामा त्याला थापलिंगच्या यात्रेला घेऊन गेले. तिथे खंडोबापुढे नवसाचे गाडे पळतात. याला पळवायचे नव्हते, नुसते न्यायचे होते. भंडारा उधळला, खालून एक गाडा सुटला, आणि म्हातारा बैल कान टवकारून उभा राहिला. मामांनी कासरा सैल सोडला. तो जागचा हलला नाही. गाडा वर पोहोचेपर्यंत पाहत राहिला आणि मग शेजारचा कडबा खाऊ लागला.

८. अभिप्राय

सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांनी मला नेहमी फोन येतो: “सर, दहापैकी दहा द्याल ना? नाहीतर माझा पगार कापतात.” मी देतो. गोठ्यात असा फोन येत नाही. तिथे वर्षातून एकदा तळव्याला तूप-हळद लावून बैलाजवळ जावे. त्याने खांदा मागे घेतला, तर पुस्तिका पहिल्या पानापासून पुन्हा वाचावी. पुढे केला, तर पुस्तिकेची गरज संपली, शेजाऱ्याला द्यावी.