साहेब, लागेल का?

पुण्यात गांजवे चौकातल्या पत्रकार भवनाच्या जिन्यापाशी, एखाद्या पत्रकार परिषदेच्या अर्धा तास आधी, हा माणूस हमखास दिसतो. कडक इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, एक फोन कानाला, दुसरा हातात. हसू असं, की हा आपला कोणीतरी लागतो आणि आपणच विसरलो, असं वाटून ओशाळायला व्हावं. हात आपल्या हातात, चौकशी आपल्या आईच्या गुडघ्यांची, पण नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे. मोठ्या खपाच्या पेपरचं कोणी जिना चढतंय का, ते त्याला बघायचं असतं. तसं कोणी दिसलं की आईचे गुडघे वाक्याच्या मध्यावर टाकून तो पुढे सरकतो. आणि गंमत म्हणजे आपल्याला रागही येत नाही.

हा जनसंपर्कवाला. कार्डावर ‘कम्युनिकेशन कन्सल्टंट’पासून ‘रेप्युटेशन मॅनेजर’पर्यंत काहीही छापलेलं असो, लोकांच्या तोंडी तो पीआर. आमच्या डेस्कवर त्याचं नाव ‘लागेल का’ असं पडलं आहे. संध्याकाळी पानं लावायची ऐन घाई असते, नेमका तेव्हाच त्याचा फोन येतो. ‘साहेब, प्रेसनोट मिळाली ना? मेललाही टाकलीय, व्हॉट्सॲपलाही टाकलीय, शिवाय मुलाबरोबर हार्डकॉपी पाठवलीय. लागेल का?’ आपण ‘बघतो’ म्हणतो. या ‘बघतो’त होकार किती आणि नकार किती, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळतं. ‘सिंगल कॉलम चालेल साहेब, आतल्या पानात चालेल. फोटो मात्र घ्या. डावीकडून तिसरे आमचे क्लायंट.’

त्याची प्रेसनोट हा मराठी गद्यातला एक स्वतंत्र प्रकार मानायला हरकत नाही. तिच्यात कार्यक्रम नुसता होत नाही, तो ‘मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न’ होतो. वक्ता बोलत नाही, प्रतिपादन करतो. पुरेसा वजनदार असेल तर गौरवोद्गार काढतो. मिसळीच्या दुकानाची दुसरी शाखा निघाली तरी ती ‘खवय्यांच्या सेवेत रुजू’ होते. ही नोट दुपारी बारालाच येऊन पडते. कार्यक्रम असतो संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे टाळ्यांचा कडकडाट झाल्याचं टाळ्या वाजवणाऱ्यांच्या आधी आम्हाला कळलेलं असतं. एकदा दुपारच्या नोटेत मंत्रिमहोदयांनी मराठी तरुणांना उद्योगाकडे वळण्याचं कळकळीचं आवाहन केलं, आणि संध्याकाळी मंत्रिमहोदय आलेच नाहीत. लगेच सुधारित नोट आली. आवाहन शब्दशः तेच होतं, कळकळही तेवढीच. फक्त आता ते एका माजी नगरसेवकांनी केलं होतं.

पत्रकार परिषदेत त्याला बघावं. समजा, क्लायंट आहे भोसरीतला एक कारखानदार, आणि बाजारात येते आहे नवी घरघंटी. मागे फ्लेक्स लागलेला, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि मालकांच्या हातात घरघंटीचा इतिहास थेट आजोबांपासून सांगणारी पानं. खुर्च्या भरपूर आणि पत्रकार मोजकेच. हा कुठेही न गडबडता कारखान्यातल्या अकाउंट्सच्या मंडळींना मधल्या रांगेत बसवतो आणि प्रत्येकाच्या हातात पॅड-पेन देतो. मालकांना समोर नुसती प्रसारमाध्यमं दिसतात. आपलाच हिशेबनीस आपलं भाषण भराभर उतरवून घेतोय हे त्यांच्या लक्षात येतं, तोवर फोटो निघालेला असतो. मग एखादा तरुण बातमीदार विचारतोच, ‘किंमत वाढली, मग मोटर पूर्वीपेक्षा लहान का?’ मालकांचा चेहरा पडायच्या आत हा उभा. ‘फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. याची सविस्तर टेक्निकल माहिती आमचे इंजिनिअर तुम्हाला वैयक्तिक देतील. वडे गरम आहेत, आपण आधी...’ बटाटेवड्याला या धंद्यात जे स्थान आहे, ते अजून कोणत्याही अभ्यासक्रमात आलेलं नाही.

अभ्यासक्रम मात्र आहेत आणि त्यांना गर्दीही आहे. रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणाहून बाहेर पडलेली चुणचुणीत मुलं बातमीदारीचा पगार ऐकतात आणि याच्याकडे येतात. का आलात, म्हणून विचारलं तर उत्तर एकच: ‘मला माणसांशी बोलायला आवडतं, सर.’ हा खूश होतो, त्यांच्यापुढे पत्रकारांची यादी ठेवतो आणि म्हणतो, ‘बोला.’ संध्याकाळपर्यंत माणसांची आवड बरीच आटोक्यात आलेली असते. मग तो त्यांना चहा पाजतो आणि धंद्याची वंशावळ सांगतो.

पहिला मूळपुरुष आयव्ही ली. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. असे अपघात दडपायचे, हा तेव्हाच्या कंपन्यांचा शिरस्ता. लीनं उलट केलं. कंपनीच्या वतीनं स्वतः निवेदन काढलं आणि पत्रकारांना थेट अपघाताच्या जागी नेण्याची व्यवस्था केली. जगातली पहिली प्रेसनोट म्हणून दाखला देतात तो याच निवेदनाचा. ‘बघा,’ आमचा माणूस मुलांना सांगतो, ‘खरं सांगायचं, लवकर सांगायचं, आणि गाडीची सोय आपण करायची.’ यातला शेवटचा भाग त्यानं तंतोतंत आचरणात आणला आहे.

दुसरा एडवर्ड बर्नेज. हा सिग्मंड फ्रॉइडचा भाचा, तोही दुहेरी. त्याची आई फ्रॉइडची सख्खी बहीण आणि वडील फ्रॉइडच्या बायकोचे सख्खे भाऊ; म्हणजे फ्रॉइड एकीकडून मामा आणि दुसरीकडून आतोबा. अशा घरातून जनसंपर्क निघणार नाही तर काय निघणार! १९२९च्या ईस्टरला न्यू यॉर्कच्या संचलनात तरुण मुलींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत, असं सांगितलं गेलं आणि पेपरांनी ती बातमी उचलून धरली. पैसे अमेरिकन टोबॅकोचे होते, डोकं बर्नेजचं होतं, आणि दिसत होत्या फक्त मुली. इथे आमच्या माणसाचा आवाज जरा भरून येतो. बायकांच्या फुप्फुसांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मुलांनी विचारू नये म्हणून तो लगेच दुसरा चहा मागवतो. मला विचाराल तर दर वर्षी या गोष्टीपाशी निदान एका तरी मुलानं उठून बाहेर जायला हवं. पण कोणी उठत नाही. चहा चांगला असतो.

त्याच्या आईला मात्र मुलगा नक्की काय करतो, हे अजून उमगलेलं नाही. शेजारच्या काकूंना ती ‘पेपरात आहे’ असं सांगते. एकदा त्यानं नीट बसून समजावलं: आई, मी लोकांना ओळखतो, लोक मला ओळखतात, याचं काम त्याच्याकडे असतं, मी दोघांची गाठ घालून देतो. आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणजे तुझा मामा करायचा तेच. तो फुकट करायचा.’

मामा खरोखरच करायचा. रेल्वेच्या खिडकीपलीकडचा बाबू, वॉर्ड ऑफिसातला कारकून, ससूनमधली सिस्टर, शाळेचे हेडमास्तर, असा सगळा गोतावळा मामाच्या खिशात. कोणाचं रिझर्व्हेशन, कोणाचा दाखला, कोणाच्या मुलीसाठी स्थळ. मामाची सायकल सुटलीच. बदल्यात सणाला एक ताट आणि ‘मामांमुळे झालं हो’ हे वाक्य. आमच्या मध्यमवर्गात पैशापेक्षा ओळखीला भाव जास्त, कारण पैसा नव्हताच. या धंद्याची भुरळ पडते ती इथे. ज्या गुणाबद्दल घरात ‘गावभर हिंडतो मेला’ म्हणून बोलणी बसायची, त्याच गुणाला दरमहा रिटेनर मिळतो, वर जीएसटी वेगळा. पंचतारांकित हॉटेलातला बुफे आणि नट-नट्यांबरोबरचे फोटो हे सगळं वरवरचं आहे. त्याला सोडवत नाही तो आनंद मामाचाच: बंद दारावर टकटक करायची आणि आतून कोणीतरी म्हणायचं, ‘अरे, तू होय! ये.’

फरक एवढाच की मामाला हिशेब द्यावा लागत नव्हता. याला महिनाअखेरीला डोसियर करावं लागतं. एरवी हसतमुख असलेला हा माणूस तेव्हा ऑफिसात फूटपट्टी घेऊन बसतो. कात्रण चिकटवायचं, लांबी-रुंदी मोजायची, तेवढ्या जागेचा जाहिरातीचा दर धरून गुणाकार करायचा आणि क्लायंटला सांगायचं, की तुमचे इतके लाख वाचले. २०१० साली बार्सिलोनाला या क्षेत्रातली जगभरची जाणती मंडळी जमली आणि जाहिरातीच्या दरानं जनसंपर्काचं मोल ठरत नाही, असं त्यांनी तत्त्व म्हणून जाहीर केलं. आमच्या माणसाला ते पाठ आहे. परिसंवादात तो ते मोठ्या तळमळीनं मांडतोही. मग फूटपट्टी उचलतो. ‘बार्सिलोना ठीक आहे साहेब, आमचा क्लायंट भोसरीत बसतो.’

त्याची खरी परीक्षा उलट्या दिवशी. रात्री साडेदहाला फोन येतो, पण सूर वेगळा. ‘साहेब, ती कारखान्याची बातमी... लागणार आहे का?’ एरवी सिंगल कॉलमसाठी जीव टाकणारा माणूस आज चार कॉलम आहेत म्हटल्यावर कळवळतो. बातमी थांबत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. मग ‘थांबवा’वरून तो ‘आमची बाजू घ्या’वर येतो आणि पाच मिनिटांत निवेदन पाठवतो: कंपनी सर्व नियमांचे काटेकोर पालन करते, प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने अधिक भाष्य करणे उचित ठरणार नाही. हेच निवेदन गेल्या वर्षी एका वेगळ्या कंपनीच्या नावानं आलं होतं. पण एक सांगतो, त्या रात्री तो फोन बंद करत नाही. दोन्हीकडच्या शिव्या खातो आणि सकाळी दोन्हीकडे गुड मॉर्निंगचा मेसेज टाकतो.

या सगळ्यात त्याची एक पंचाईत झाली आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा दिवस म्हणून ६ जानेवारीला आम्हा सगळ्यांना त्याच्या शुभेच्छा येतात, वाढदिवसाला येतात, बायकोच्या वाढदिवसालाही येतात. परवा आमच्याकडे एका बारशाला आला. पेढा घेतला, बाळाच्या हातात पाकीट ठेवलं, तासभर अगदी मजेत बसला. कामाचा एक शब्द काढला नाही. तो गेल्यावर सासऱ्यांनी मला विचारलं, ‘कसली प्रेसनोट होती?’

यंदा २१ एप्रिलला, म्हणजे राष्ट्रीय जनसंपर्क दिनी, कुठल्याशा संस्थेनं त्याचाच सत्कार केला. नोट अर्थातच दुपारी बाराला आली. सत्कार मोठ्या उत्साहात संपन्न झाला होता. संध्याकाळी फोन आला, तेव्हा मीच आधी म्हणालो, ‘तुझी आहे ना? लावतो.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, ‘माझी राहू द्या हो साहेब, माझं काय! फक्त तो फोटो बघा ना. पुष्पगुच्छ देताहेत ते आपले घरघंटीवाले. डावीकडून दुसरे. जागा कमी असेल तर मला क्रॉप केलंत तरी चालेल.’