कपाटातले बोजोले

एकोणीस वर्षं ती बाटली आमच्या लोखंडी कपाटात, हिच्या पैठणीच्या मागे, आडवी निजून होती. मागच्या पत्र्यापासून बरोबर एक वीत अंतरावर. ही वीत कुठून आली ते पुढे सांगतो. त्यात माझी अब्रू गुंतलेली आहे.

दर पाडव्याला मी ती बाटली पाव फेरा फिरवून ठेवत असे. शॅम्पेनच्या बाटल्या तशा फिरवतात, असं कुठेतरी वाचलं होतं. माझी बाटली शॅम्पेनची नाही, हा तपशील मला गौण वाटे. लेबलावर नाव होतं 'बोजोले नुव्हो', साल १९९९. ही मात्र पहिल्या दिवसापासून तिचा उल्लेख भोसल्यांच्या शेजारी राहायला आलेल्या बिऱ्हाडासारखा करायची. "अहो, ते बोजोले अजून किती दिवस राहणार आहेत? भाडं तरी द्यायला सांगा."

"माझ्या साठीला उघडायची आहे," मी म्हणायचो. आल्यागेल्याला कपाट उघडून ती दाखवायचो, हात लावू द्यायचो नाही आणि सुरुवात करायचो, "आम्ही फ्रान्सला असताना..."

"आठ दिवस," आतून आवाज यायचा.

आठ तर आठ. ज्ञानेश्वर किती वर्षं जगले म्हणून कुणी मोजतं का? कंपनीने मला नोव्हेंबर १९९९मध्ये एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी ल्यों शहरात पाठवलं होतं. यंत्र पुढे भंगारात गेलं, प्रशिक्षण त्याआधीच गेलं. राहिली ती बाटली.

उतरलो होतो एका म्हाताऱ्या मादामच्या घरी. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला फ्रेंचमधलं 'वुई' येत होतं. तेवढ्यावर आमचं उत्तम चाललं होतं. १८ तारखेला, गुरुवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे सभ्य माणसं पोहे खातात त्या वेळी, तिने टेबलावर पाव, चीज, माझ्या दृष्टीने निषिद्ध असलेली सॉसेजं आणि जाड बुडाची एक बाटली आणून ठेवली. त्या बाटलीला तिथे 'पो' म्हणतात. ४६ सेंटिलिटरची असते. ल्योंमधले रेशमाचे विणकर पहाटेपासून मागावर बसायचे आणि सकाळीच असं भरपेट खायचे, प्यायचे. त्याला 'माशों' म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं, बाईंचं घड्याळ बिघडलंय.

तिने साध्या पाण्याच्या पेल्यात वाइन ओतली. जांभळट, पातळ, कोकम सरबतासारखी. थंडगार. मी विमानातल्या मासिकात पाहिलं होतं तसा पेला गोल फिरवला, थोडी टेबलक्लॉथवर सांडली, मग नाक खुपसून डोळे मिटले. आणि नाकात काय शिरलं? शिकरण! चक्क पिकल्या केळ्याचं, वेलदोडा विसरलेलं शिकरण.

आता फ्रान्समध्ये येऊन, ताशी इतक्या युरोंच्या प्रशिक्षणाला आलेल्या माणसाने, वाइनला शिकरणाचा वास येतो म्हणावं? मी डोळे उघडले आणि त्याच मासिकातला शब्द काढला. "त्रे कॉम्प्लेक्स." फार गुंतागुंतीची आहे.

मादाम हसली. एवढी हसली की तिने पेला खाली ठेवला. मग बोटाने वाइनकडे दाखवून म्हणाली, "नों. सँप्ल." साधी आहे.

मी तिचं वाक्य विनयात जमा केलं.

खरं तर शिकरण ही दाद अगदी शास्त्रशुद्ध होती. ही वाइन गामे नावाच्या द्राक्षाची. द्राक्षं न चिरडता, देठासकट, अख्खे घोस बंद पिपात भरतात. पीप कार्बन डायऑक्साइडने भरून जातं आणि द्राक्षं शाबूत असतानाच त्यांच्या पोटात किण्वन सुरू होतं. आढीत घातलेल्या आंब्याला आतून काहीतरी होत असावं तसं. या पद्धतीत केळ्याच्या वासाचं जे द्रव्य असतं तेच वाइनमध्ये भरपूर उतरतं. तुरटपणा मात्र फारसा उतरत नाही. म्हणून ती लगेच पिता येते, आणि म्हणूनच टिकत नाही. सप्टेंबरात द्राक्षं वेलीवर, नोव्हेंबरात बाटली दुकानात. बारशाच्या आधीच शाळेत घातलेलं पोर!

"टिकत नाही" हे मी वाचलं होतं, हे इथे कबूल केलं पाहिजे. पण ते सर्वसामान्य बाटल्यांबद्दल असणार, अशी माझी समजूत होती. पाटीवरची सूचना आपल्यासाठी नसते, ही समजूत पुण्यात राहून आपोआप होते.

वाचायचं मी काही सोडलं नाही. ही वाइन पूर्वी ल्योंच्या खानावळींपुरती होती. डिसेंबरच्या मध्याआधी विकायला बंदी होती, ती नोव्हेंबर १९५१मध्ये शिथिल झाली. पुढे १५ नोव्हेंबर ही तारीख ठरली. ती कधी रविवारी यायची, म्हणून १९८५पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. जॉर्ज द्युबफ नावाच्या चतुर व्यापाऱ्याने त्या गुरुवारचा जगभर सण केला. सत्तरच्या दशकात लंडनच्या एका वृत्तपत्राच्या स्तंभलेखकाने जाहीर केलं, पहिली बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवेल त्याला बक्षीस. त्यावरून गाड्या पळाल्या, विमानं उडाली. बक्षीस काय होतं? शॅम्पेनची बाटली. परीक्षकालाही मनातून ठाऊक होतं म्हणायचं. जपानात घड्याळ आठ तास पुढे, त्यामुळे फ्रान्समध्ये बुधवारची दुपार असताना टोकियोत बुचं उडतात. संकष्टीला चंद्रोदय गावागणिक वेगळा, तसंच हे. हाकोने गावी तर एका स्नानगृहात लोक या वाइनच्या हौदात डुंबतात. आमच्याकडे दुधाने अंघोळ ही शिवी की आशीर्वाद हे अजून ठरायचंय.

पण या सगळ्या पारायणात माझा जीव जडला तो फिलिपवर. पाहुणे बाटली बघायला यायचे आणि फिलिप ऐकून जायचे. तुम्हीही ऐका.

फिलिप हा बर्गंडीचा ड्यूक. त्याला 'धाडसी' म्हणत, कारण वयाच्या चौदाव्या वर्षी १३५६मध्ये प्वातिएच्या लढाईत तो बापाच्या शेजारी उभा राहून लढला. बापलेक दोघेही पकडले गेले, तरी पदवी कायम राहिली; आमच्याकडेही अशा पदव्या आहेत. तर या फिलिपने १३९५मध्ये गामे द्राक्षाविरुद्ध फर्मान काढलं. द्राक्ष आंबट आहे, असं म्हणून तो थांबला नाही. त्याने त्याला बेइमान ठरवलं. "अत्यंत बेइमान वेल", असे शब्द आहेत. वेल उपटा! आता द्राक्षाने काय गद्दारी केली असेल? रात्री वेस उघडून दिली? वतन बुडवलं? मला तर दरबारच दिसायचा. चोपदार ललकारतोय, "गामे हाजिर हो!" आणि घोस मान खाली घालून उभा. गुन्हा एवढाच, की तो भरभरून पिकतो, लवकर पिकतो, फार लाड मागत नाही. प्लेगने माणसं कमी झाली होती, शेतकऱ्याला असंच पीक हवं होतं. ड्यूकला हवी होती पिनो न्वार. नाजूक, नखरेल, थोडकी पिकणारी. फिलिपच्या नातवालाही पुढे असाच हुकूम काढावा लागला, यावरून पहिला किती पाळला गेला ते समजा. आमच्या प्लॅस्टिकबंदीइतका. तरी उत्तरेत त्याची हद्दपारी झाली, आणि दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर, हा बेइमान असा काही रुजला की बस्स.

"झालं का तुमच्या फिलिपचं?" ही विचारायची. "चहा निवला."

मग वारं फिरलं. बाजारात माल इतका ओतला गेला की एके काळी त्या टापूतली निम्मी वाइन नुव्हो म्हणूनच जात होती. केळं आणि बबलगम यांच्या वासाला लोक कंटाळले. २००१च्या हंगामातली दहा लाखांहून अधिक खोकी खपली नाहीत. ती वाइन मोडीत काढावी लागली, तिचं मद्यार्क करावं लागलं. एका समीक्षकाने ल्योंच्या एका मासिकात या वाइनला असं विशेषण लावलं की ते मराठीत शौचालयाबाहेर लिहिता येत नाही. उत्पादक कोर्टात गेले. जपानी ग्राहकाने २००४नंतर हात आखडता घेतला. तिसरा गुरुवार येतो आणि जातो, घटस्थापनेनंतरच्या पितृपक्षासारखा. उलट झालं का? असो, लक्षात आलं असेल.

आणि मी काय केलं? मीही फिरलो. जे वाचायचो त्याप्रमाणे २००५च्या सुमारास कट्ट्यावर नाक मुरडायला लागलो. "बोजोले नुव्हो? छे, बाजारू. जाहिरातीचा खेळ." कपाटातली बाटली? "ती अधःपाताच्या आधीची आहे." म्हणजे फॅशन होती तेव्हा मी वाइन न पिता तिची स्तुती केली, आणि फॅशन गेली तेव्हा न पिता निंदा केली. एकूण जन्मात प्यायलो किती, तर पाण्याचा एक पेला, तोही अर्धा सांडून.

यातली गंमत मला हल्ली तितकी वाटत नाही. त्या टेकड्यांवर द्राक्षं हाताने तोडावी लागतात, घोस अख्खे लागतात ना. कंबरेत वाकून तोडणाऱ्याला दोन महिन्यांत हातात पैसा यावा, याची ती सोय होती. माल खपेना तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी वेली उपटल्या. फिलिपला जे नीट जमलं नाही ते आमच्यासारख्यांनी नुसतं नाक मुरडून केलं. त्याच टापूत मॉर्गों, फ्लरी अशा दहा गावठाणांची वाइन आहे, ठेवून पिण्याजोगी, पिनोच्या पंक्तीला बसणारी. नुव्होच्या नावाने तिलाही बट्टा लागला. वर चढवणारे आणि खाली खेचणारे तेच. हौद भरणारेही तेच आणि तोंड धुणारेही.

तर साठी. जून २०१८. घरात पंचवीस माणसं, सुरळीच्या वड्या, आणि मध्ये टेबलावर बोजोले. नाशिकला वाइनच्या कारखान्यात काम करणारा माझा भाचा बाटलीकडे बघून म्हणाला, "मामा, ही तुम्ही कधीची ठेवलीय?"

"नव्व्याण्णवची," मी छाती काढून सांगितलं.

त्याने हिच्याकडे पाहिलं. "मामी, पाहुण्यांना सरबत आहे ना?"

बुचाचा भुगा झाला. भाच्याने ती चहाच्या गाळणीतून गाळली. रंग आयुर्वेदिक काढ्याचा, वास ओल्या पुठ्ठ्याचा. पंचवीस माणसांनी एकेक चमचा तीर्थासारखा घेतला आणि हात डोक्याला पुसले. मेव्हणे जाणकार, ते बराच वेळ जिभेवर घोळवून म्हणाले, "कॉम्प्लेक्स आहे."

मी सावरासावर केली. म्हटलं, ठेवण्यात चूक नाही झाली, मादामने सांगितल्याप्रमाणेच ठेवली होती. निघताना तिने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली, माझी बोटं दाबून धरली आणि दोनदा बजावलं, "वीत, वीत." भिंतीपासून एक वीत. संस्कृतातली वितस्ति तिथवर पोचली आहे, यावर मी कट्ट्यावर वीस मिनिटं बोललोही होतो.

फ्रेंचच्या तीन परीक्षा दिलेली माझी मुलगी सुरळीच्या वडीचा घास तसाच धरून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "वीत म्हणजे लवकर."

हशा पिकला, अर्थातच. अजून पिकतो. मलाही हसू आलं, पण मधेच ती बोटं आठवली. सुरकुतलेली, नखांच्या कडा जांभळ्या झालेली. म्हातारीने पोराला घरच्यासाठी ताजा खाऊ बांधून दिला होता, "नासेल हो, लगेच खा" म्हणून. आपल्या आज्या नव्या गुळाची ढेप देताना म्हणतात तसं. मी तिला परत एक पत्रही टाकलं नाही. टाकलं असतं तर त्यात फिलिप असता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, तिसऱ्या गुरुवारनंतरच्या रविवारी, भाच्याचा कुणी मित्र पॅरिसहून आला आणि भाचा एक बाटली घेऊन सकाळीच दारात हजर झाला. "मामा, ताजी आहे. आत्ताच्या आत्ता." घड्याळात नऊ वाजले होते. मी काचेचे पेले शोधायला गेलो तोवर त्याने स्टीलच्या फुलपात्रांत ओतलीसुद्धा.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. दोनदा हुंगलं.

"अहो," ती म्हणाली, "शिकरण कुणी केलंय?"