शोधपेटीचा महिमा

केन थॉम्प्सन यांची ‘ग्रेप’ ही मजकूर शोधणारी आज्ञा १९७३ साली युनिक्समध्ये अवतरली, आणि दप्तर लावून ठेवण्याच्या जाचातून समस्त प्रोग्रामर-वर्गाची मुक्तता झाली. आता व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबताच अवघ्या प्रकल्पाची झडती होत असल्याने, फंक्शनला अन्वर्थक नाव देणे हा यंत्राच्या सामर्थ्याविषयी दाखविलेला अविश्वासच होय. आमच्या कचेरीचा कारभार ‘डेटा’, ‘टेम्प’ आणि ‘न्यूफायनल२’ या तीन नावांवर बिनबोभाट चालतो. शोधात सापडणाऱ्या शेकडो दाखल्यांतून हवा तो निवडण्यापेक्षा तेच फंक्शन नव्याने लिहिणे सोयीचे पडते, आणि पुढील शोधास सामग्रीही वाढते. काल तारीख तपासणाऱ्या फंक्शनचा शोध घेता एकच स्पष्ट दाखला हाती आला, तो एका टिपेचा : ‘हे अन्यत्र लिहिलेले आहे, कृपया शोधावे.’